फटफटीची चेन आणि उलटे आटे

लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा घरात सासरे, सासूबाई, आमचे हे आणि एक फटफटी असे चौघे होते. मानाच्या बाबतीत फटफटीचा नंबर पहिला. तिला अंगणातल्या लिंबाची सावली होती, अंगावर मेणकापड होतं, आणि तिला कोणी पहाटे पाच वाजता हाका मारून उठवत नव्हतं.

हे गुरांचे सरकारी डॉक्टर. कुणा गोऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना मागे टाकलेली ही लढाईच्या काळातली फटफटी यांनी उचलली होती. तिच्या उजव्या अंगाला एक साइडकार जोडलेली होती. तिला सगळे डबा म्हणायचे. त्या डब्यात बसून माणसाचं काय होतं ते मी सांगू शकते, कारण पहिली दोन-तीन वर्षं मीच त्यात बसत होते. मांडीवर औषधांची पेटी, डोक्यावर घट्ट बांधलेला पदर, आणि तोंडात रस्त्यावरची निम्मी धूळ. बायका दारात येऊन बघायच्या. मी नवी नवरी म्हणून बघतात असं मला वाटे. नंतर कळलं, त्या फटफटीच बघत होत्या.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले तरी त्यांचं कोर्ट उठलेलं नव्हतं. घरात कोणी काय बोलायचं, कसं बोलायचं, याचे निकाल तेच देत. मी बार्शीची. माझ्या तोंडी ‘हाय’ आणि ‘न्हाय’ असायचं. तिसऱ्या दिवशीच त्यांनी मला समोर उभं केलं. “सूनबाई, आमच्यात ‘आहे’ म्हणतात.” मी म्हटलं, “व्हय.” त्यांनी डोळे मिटून घेतले.

पण त्यांचा खरा मोठा हुकूम दुसराच होता. माझ्या वडिलांचं बार्शीत सायकलचं दुकान होतं. सायकली भाड्याने द्यायच्या, पंक्चर काढायचं, चाकं सरळ करायची. मामंजींना हे लग्नाआधीच माहीत होतं, पण पत्रिका अशी काही जुळली होती की त्यांना मोडता घालता येईना. म्हणून त्यांनी तोड काढली. सोलापुरात सगळ्यांना सांगून ठेवलं, “व्याह्यांचा बार्शीला लोखंडाचा व्यापार आहे.” मलाही बजावलं की कोणी विचारलं तर हेच सांगायचं. आणि माझ्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, सणावाराला बोलवायचं नाही, कारण ते बसले की पाच मिनिटांत टायर-ट्यूबवर येणार. ते तर खरंच होतं. दीड वर्ष झालं, अण्णा माझ्या घरी आले नव्हते. हे एकदाही मामंजींना काही बोलले नाहीत. वळूच्या नाकात हात घालणारा माणूस वडिलांसमोर मात्र वासरू व्हायचा.

अशात एक दिवस अक्कलकोटच्या वाटेवर फटफटीची चेन तुटली.

ती तुटणार हे सगळ्यांना कळत होतं, यांच्याखेरीज. गेले दोन महिने ती कटकट वाजत होती, चढावर खाडकन निसटत होती. हे उतरायचे, मागचं चाक जरा मागे ओढायचे आणि म्हणायचे, “झाली घट्ट.” त्या दिवशी गावात एका म्हशीला बघून आम्ही परत येत होतो. एकदम मोठा आवाज झाला, इंजिन रिकामंच बोंबलायला लागलं आणि गाडी हळूहळू उभी राहिली. मागे वळून बघते तर चेन रस्त्यात वेटोळं घालून पडलेली. तिथे एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. त्याने चेन बघितली, “हावु! हावु!” असं कानडीत ओरडला आणि काठीने तिला बडवायला लागला. साप नाही, साप नाही, असं आम्ही दोघं मराठीत ओरडत होतो. पण त्याने काम पुरं केल्यावरच काठी खाली ठेवली. मग जवळ जाऊन बघितलं आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच त्याला फसवलं.

शेवटी एका बैलगाडीला फटफटी बांधून आम्ही सोलापुरात आलो. हे गाडीवर हँडल धरून ताठ बसलेले, मी डब्यात. गाडीवान सारखा मागे वळून सांगत होता, “डाक्टर, ह्यो डावा बैल वळकला का? तुमीच बरा केलता की. लई गुणाचा हाय. आता तोच तुमाला वडतोय बगा.” गावात शिरलो तेव्हा ओळखीचे चार लोक भेटले. चौघांनीही विचारलं, “काय डॉक्टर, गाभण आहे काय?”

दुसऱ्या दिवशी यांनी गिरणीतल्या एका फिटरला बोलावलं. हा तेलुगू विणकर घरातला, अंगाने काटक, बोलायला तोलून मापून. त्याने चेन हातात घेतली, आडवी धरली, तर ती वाळलेल्या शेंगेसारखी बाजूला झुकली. मग तो खाली बसला आणि मागचं दातेरी चाक बोटाने चाचपलं. त्याचे दात घासून घासून एका बाजूला वाकले होते, गळाच्या आकड्यासारखे.

“डॉक्टर, नुसती चेन नवी घालून उपयोग नाही,” तो म्हणाला. “मागचं दातेरी चाक आणि पुढचं दातेरी चाक, दोन्ही बदला. नाहीतर हे जुने दात नवी चेन खाऊन टाकतील.”

“पण चेनच तर तुटलीय,” हे म्हणाले.

“तुमची म्हैस खंगली तर तुम्ही नुसतं शेपूट बदलता का?”

मला त्या फिटरबद्दल तेव्हाच आदर वाटला.

मुंबईच्या एका दुकानाला पत्र गेलं. महिन्याभराने रेल्वेने पार्सल आलं. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेली नवी चेन होती आणि पुढचं लहान दातेरी चाक होतं. मागच्या मोठ्या चाकाबद्दल त्यांनी कळवलं की तुमची गाडी फार जुनी, तो माल आता येत नाही. फिटर म्हणाला, “मी करतो.” त्याने एक जाड पत्रा आणला, त्यावर नवी चेन गोल मांडली, तिच्या खाचांवरून खुणा केल्या आणि पंधरा दिवस सवडीने एकेक दात कानशीने घासून काढला. जुन्या चाकावरून का नाही छापून घेतलं, असं मामंजींनी विचारलं. तो म्हणाला, “तात्या, चुकीच्या कागदाची नक्कल केली तर नक्कलही चुकीचीच येते ना?” हे कोर्टातलं उदाहरण मामंजींना पटलं.

मग मुहूर्ताचा प्रश्न निघाला. मामंजींनी पंचांग काढून मंगळवार सकाळ नक्की केली. फिटरने ऐकून घेतलं आणि सांगितलं, “रविवार. गिरणी बंद असते.” पंचांग मिटलं.

रविवारी सकाळीच तो आला. लिंबाखाली फटफटी विटांवर चढवली. मागचं चाक काढलं, जुनं दातेरी चाक सोडवलं आणि स्वतः केलेलं नवं बोल्ट लावून बसवलं. इतकं छान बसलं की सासूबाईंनी आतून हळदकुंकू आणून त्याला लावलं. मग पुढच्या चाकाची पाळी आली. ते लहान चाक क्लचच्या पाठीमागे दडलेलं असतं, त्यामुळे आधी वरचं झाकण, मग क्लच, सगळं उतरवून एका परातीत ओळीने ठेवलं. आत एक मोठा नट दिसत होता. त्याच्यावर दुमडलेली वॉशरची कड त्याने छिन्नीने सरळ केली. जुन्या चेनचा वेढा त्या चाकाला घालून दोन्ही टोकं पहारीला जखडली, म्हणजे नट फिरवताना चाक फिरायला नको. इतक्यात गिरणीतून माणूस धावत आला. बॉयलरपाशी काही अडलं होतं. फिटर उठला, हात पुसले आणि बोट वर करून म्हणाला, “मी येईपर्यंत नटाला हात लावू नका.”

आता, शिकलेल्या पुरुषांना हात लावू नका असं सांगणं म्हणजे काय होतं, ते सांगायला नको. दहा मिनिटं हे फक्त बघत होते. अकराव्या मिनिटाला म्हणाले, “एक नट तर आहे.” आमच्या शेजारी एक वकील राहायचे. ते कुंपणावरून म्हणाले, “जोर लागेल. मी येतो.” मामंजी आरामखुर्ची ओढून देखरेखीला बसले.

यांनी पाना लावला आणि डावीकडे ओढला. नट हलेना. वकील ओढायला लागले. हलेना. मग पान्याच्या दांड्यात एक लांब पाईप अडकवला आणि दोघं मिळून त्यावर लोंबकळले. मामंजी खुर्चीतून, “एकसाथ! एकसाथ!” करत होते. वकिलांचं धोतर सुटायला आलं. तेवढ्यात मी चहा घेऊन बाहेर आले.

कप ठेवायला वाकले तेव्हा मला तो नट अगदी जवळून दिसला. नटाच्या बाहेर दांड्याचं जरासं टोक डोकावत होतं, आणि त्यावरचे आटे उलट्या बाजूला चढत होते. सायकलचं डावं पॅडल असंच असतं. आठ वर्षांची असल्यापासून मी अण्णांच्या दुकानात पॅडलं काढलीत. उजवं पॅडल सरळ सुटतं, डाव्याचे आटे उलटे, ते उलट फिरवलं तरच सुटतं. हे लोक तो नट सोडवत नव्हते. जिवाच्या कराराने आवळत होते.

मी यांच्या कानाशी म्हटलं, “अहो, उलटं फिरवून बघा.”

“तू आत जा. लागेल.”

मी आत गेले. चूल फुंकायला बसले, पण कान बाहेरच होते. थोड्या वेळाने गिअरच्या पेटीतून करकर असा आवाज आला. जुनं बिडाचं काम ते. ते तडकलं असतं तर मुंबईवाल्यांनी पुन्हा तेच कळवलं असतं, की तो माल येत नाही. मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. भीती होतीच. मी बोलले तर ‘तुला कसं माहीत?’ हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर द्यायला मला बंदी. पण त्या आवाजाने माझ्या दातांना कळ आली. चांगलं काम कोणी डोळ्यांदेखत मोडत असलं की अण्णांना अशीच कळ यायची.

दुसऱ्यांदा करकरलं तशी मी ताडकन बाहेर आले आणि ओरडले, “आवं सोडा तो पाना! आटं उलटं हायती!”

वकील पाईपला लोंबकळलेलेच राहिले. मामंजींच्या चेहऱ्यावर, फटफटीचं काय होतंय यापेक्षा ‘हायती’चं दुःख जास्त दिसत होतं.

मी पदर खोचला, यांच्या हातातून पाना घेतला, पाईपसकट पलीकडच्या बाजूला लावला आणि सगळा भार टाकला. पहिल्यांदा काही झालं नाही. मनात म्हटलं, चुकले की काय, आता बार्शीचं तिकीट. दुसऱ्यांदा पाय पहारीला टेकवून ओढलं. कट्ट असा आवाज झाला आणि नट सुटला. पुढे तो बोटांनीच फिरला.

वकिलांनी धोतर सावरलं. त्याच वेळी फिटर फाटकातून आत आला. त्याने आधी नटाकडे पाहिलं, मग पाईपकडे, मग घामाघूम झालेल्या पुरुषांकडे.

“कुणी सोडवला?”

“सुनेने,” सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी त्याआधी ऐकला नव्हता.

“अक्का, तुम्हाला कसं ठाऊक उलटे आटे आहेत ते?”

आला तो प्रश्न. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलकेच आडवी हलवली. लोखंड म्हण, असं ते डोळ्यांनी सांगत होते. पण माझे हात काळे झाले होते, दीड वर्षाने पहिल्यांदा, आणि त्या हातांनी खोटं बोलवेना.

“माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान आहे बार्शीला,” मी म्हटलं. “डावं पॅडल असंच सुटतं.”

वकिलांनी मामंजींकडे वळून पाहिलं. “पण तुम्ही तर म्हणाला होतात, लोखंडाचा व्यापार...”

तेव्हा सासूबाईच पायरी उतरून आल्या. “मग? सायकल काय लाकडाची असते? लोखंडाचाच व्यापार झाला की तो.”

फिटर मोठ्याने हसला. मग हे हसले. वकीलही हसले, कारण नाहीतर मघाशी आपण काय करत होतो याचा विचार करावा लागला असता. मामंजी उठले आणि खुर्ची तिथेच टाकून आत गेले.

दुपारभर काम चाललं. मी आत गेले नाही आणि मला कोणी जा म्हणालं नाही. नवं लहान चाक बसलं, क्लच परत चढला, नवी चेन दोन्ही चाकांवर आली. ती जोडायला मासोळीच्या आकाराची एक लहानशी पट्टी असते. फिटरने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तोंड पुढे, शेपूट मागे. उलटी घातली तर वाटेत निघून जाईल.” ती मी बसवली. मग दोरा ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघितलं. हे बाजूला उभे राहून मला एकेक पाना देत होते आणि दर वेळी चुकीचा देत होते.

शेवटी हात धुताना हे हळूच म्हणाले, “तुझ्या अण्णांबद्दल मी बोलायला हवं होतं.”

“व्हय,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दोन दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. मी ट्रंकेतल्या साड्या नीट रचून ठेवल्या होत्या, परत पाठवलं तर घाई नको म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांना भेटायला कोर्टातले कोणी जुने लोक आले होते. मी आतून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “सुनेचं माहेर?” मामंजी जरा खाकरले आणि म्हणाले, “बार्शीचं. व्याह्यांचा लोखंडाचा व्यापार आहे... आणि रबराचा.” त्यांनी याहून पुढे कधी मजल मारली नाही. पण मला तेवढं पुरलं. मी साड्या पुन्हा दोरीवर टाकल्या.

पुढच्याच आठवड्यात यांनी रजा काढली आणि आम्ही फटफटीवरून बार्शीला गेलो. चेन इतकी शांत चालत होती की गावागावांतली कुत्रीसुद्धा उशिरा भुंकली. अण्णा दुकानात चाक सरळ करत बसले होते. त्यांनी मला पाहिलं, उभे राहिले, पण जावयासमोर डोळ्यांत पाणी नको म्हणून तडक फटफटीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि चेन बोटाने खालीवर करून बघायला लागले. बराच वेळ बघितली.

“कुणी बसवली?” त्यांनी विचारलं.

“हिने,” हे म्हणाले.

“जरा सैल हाय,” अण्णा म्हणाले आणि उपरण्याने तोंड पुसलं.

त्या दिवशी ते जावयाशी संध्याकाळपर्यंत बोलले, सगळं टायर-ट्यूबवर. निघताना त्यांनी यांना एक सल्ला दिला. महिन्यातून एकदा चेन काढायची, रॉकेलने धुवायची आणि मंद आचेवर गरम केलेल्या एरंडेलात बुडवून ठेवायची, म्हणजे तेल सांध्यासांध्यात मुरतं.

यांनी तो सल्ला फारच मनावर घेतला. महिनाभराने सासूबाईंची भज्यांची लोखंडी कढई चुलीवर चढवून तिच्यात बाटलीभर स्वच्छ एरंडेल ओतलं. चेन आणायला अंगणात जातात तोच एका घोड्याचं पोट फुगल्याचा निरोप आला, आणि हे तसेच गेले. सासूबाईंना चार दिवस सर्दी होती, कशाचा वास येत नव्हता. सुनेने कढई तयार ठेवलीय असं समजून त्यांनी कांद्याची भजी तळली. मी विहिरीवर होते. मामंजींनी पोटभर खाल्ली. वकील कुंपणावरूनच “वास कसला छान येतोय” म्हणाले होते, म्हणून त्यांनाही ताटली गेली. भजी जरा जड वाटतात, एवढंच काय ते दोघं म्हणाले.

हे घोडा बरा करून आले तोवर घरचं दुखणं सुरू झालं होतं. मामंजी आणि वकील परसाच्या वाटेवर एकमेकांना ओलांडत होते, आणि दोघांनाही थांबून बोलायला सवड नव्हती. यांनी कढईत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं लिंबाखाली फटफटीच्या आडोशाला जाऊन पोट धरून हसलो.